डीपीडीकेचे ड्रायव्हर: पळतात झकास, पण पोसायला कसे आहेत ते सांगतो

डीपीडीके म्हणजे नेटवर्क कार्डावरची पॅकेट थेट आपल्या प्रोग्रॅममध्ये घेणाऱ्या लायब्ररी आणि ड्रायव्हरांचा संच. त्यावर जेवढं लिहिलेलं सापडतं ते जवळपास सगळं स्पीडवर असतं, अमुक कार्डावर इतके मिलियन पॅकेट, तमुक कोअरवर तितके, ग्राफ एकदम भारी. पण ते एकदा लावल्यावर पुढची काही वर्षं ते ड्रायव्हर जिवंत ठेवायचे, मधे कर्नल बदलणार, फर्मवेअर बदलणार, कार्डाचं नवं रिव्हिजन येणार, सिक्युरिटी फिक्स येणार आणि या सगळ्यात आपले स्वतःचे चार पॅच टिकवायचे, हे कसं असतं यावर फारसं कोणी लिहीत नाही. माझं रोजचं काम तेच आहे, पॅकेट प्रोसेसिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या खालचे ड्रायव्हर, म्हणून हा रिव्ह्यू त्या बाजूने. स्पीडला मी मार्क देतच नाहीये, तो आहेच, त्यात वाद नाही.

ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १० गिगाबिटच्या लिंकवर सगळ्यात छोटी म्हणजे ६४ बाइटची फ्रेम धरली, तर प्रीअँबल आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा मिळून वायरवर ती ८४ बाइट खाते. म्हणजे सेकंदाला साधारण १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट, एका पॅकेटला हातात ६७ नॅनोसेकंद. १०० गिगाबिटला तेच ६.७ होतात, आणि तेवढ्यात प्रोसेसरची रॅमकडे एक फेरीसुद्धा पुरी होत नाही. या वेगाला दर पॅकेटमागे इंटरप्ट घ्या, कर्नलमधून कॉपी करा, सिस्टम कॉल मारा हे परवडतच नाही. म्हणून डीपीडीके कर्नलला बाजूला ठेवून कार्डाचे रजिस्टर आणि रिंग, म्हणजे पॅकेटच्या गोल रांगा, थेट आपल्या प्रोसेसमध्ये मॅप करतो, मेमरी ह्यूजपेजमधून, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, घेतो, आणि एक कोअर सतत रिंगकडे बघत बसतो, काही आलंय का, काही आलंय का. अशा ड्रायव्हरला पोल मोड ड्रायव्हर म्हणतात, आपण सगळे पीएमडी म्हणतो. तो कोअर टॉपमध्ये कायम १०० टक्के दिसतो, नवीन माणूस आला की पहिली तक्रार तीच करतो.

सुरुवात इंटेलकडून झाली, परवाना मुख्यतः बीएसडी, आणि २०१७ पासून प्रोजेक्ट लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. आता इंटेल, एनव्हिडिया म्हणजे आधीचं मेलानॉक्स, ब्रॉडकॉम, मार्व्हेल, अॅमेझॉन, अशा बऱ्याच जणांच्या कार्डांचे ड्रायव्हर एकाच ट्रीमध्ये आहेत. ही मेंटेनन्सच्या दृष्टीने सगळ्यात मोठी जमेची बाजू, सगळ्यांचा कोड एका ठिकाणी, एकाच बिल्डमध्ये, आणि वरून बघायला एकच एपीआय.

आता मुद्द्याचं. कर्नलमधला ड्रायव्हर वापरत असाल तर त्याची काळजी तुमची डिस्ट्रो घेते, अपडेट आलं, रीबूट केलं, विषय संपला. इथे ड्रायव्हर तुमच्या प्रोसेसच्या पोटात आहे, तो पडला की तुमचं अॅप पडतं, त्यात बग असेल तर फोन तुम्हाला येतो आणि फिक्स असलेली आवृत्ती बिल्ड करून लावायची तीही तुम्हीच. हे डीपीडीके घेणाऱ्या बऱ्याच टीमना पहिल्या वर्षी कळतच नाही, कारण पहिल्या वर्षी सगळं नवीन असतं आणि सगळं चालतं.

आवृत्त्यांची पद्धत मला आवडते. १६.०४ पासून नंबर म्हणजे वर्ष आणि महिना, बघितलं की कळतं किती जुनं आहे. आधी वर्षाला चार रिलीज यायची, आता तीन येतात, मार्च, जुलै, नोव्हेंबर. यातलं नोव्हेंबरचं एलटीएस, म्हणजे जास्त काळ फिक्स मिळणारं, असतं, २०.११, २१.११, २२.११, २३.११, २४.११ अशी रांग. एलटीएसला आधी दोन वर्षं फिक्स मिळायचे, आता तीनपर्यंत नेलंय. शिवाय १९.११ पासून एबीआयचा, म्हणजे बिल्ड झालेलं अॅप आणि लायब्ररी यांच्या जुळणीचा, नियम आहे, वर्षभर एबीआय मोडायचा नाही, मोडायचाच असेल तर नोव्हेंबरला मोडा. म्हणजे शेअर्ड लायब्ररी लावली असेल तर मधल्या रिलीजला अॅप परत बिल्ड न करता चालायला पाहिजे. कागदावर तरी. प्रत्यक्षात आम्ही स्टॅटिक लिंक करतो, कारण हॉट पाथवर इनलाइन फंक्शन इतकी आहेत की हेडर बदलला म्हणजे परत बिल्ड करणं आलंच, आणि एक्सपेरिमेंटल शिक्का असलेले फंक्शन या नियमात येतच नाहीत, नेमके आपल्याला लागणारे दोन-तीन हमखास एक्सपेरिमेंटल निघतात.

उबंटू २२.०४ मध्ये २१.११ येतं, २४.०४ मध्ये २३.११. ओपन व्हीस्विच (ओव्हीएस), म्हणजे सॉफ्टवेअरमधला नेटवर्क स्विच, तोही असंच एलटीएसला धरून चालतो, ३.१ ला २२.११, ३.३ ला २३.११. तुम्ही ओव्हीएसवर असाल तर डीपीडीकेची आवृत्ती तुम्ही निवडत नाही, ती निवडलेली असते. व्हीपीपी या पॅकेट प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरवाले अजून पुढे गेलेत, त्यांच्या सोर्समध्ये डीपीडीकेवर लावायच्या पॅचसाठी आवृत्तीवार वेगळं फोल्डरच आहे, बिल्ड करताना आधी डीपीडीके उतरवायचं, त्यावर ते पॅच चढवायचे, मग पुढे. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते, आपण काय बदललंय ते फोल्डर उघडलं की समोर. आम्हीही शेवटी तेच करायला लागलो, फोर्क करून ठेवलेली वेगळी ट्री बंद, फक्त पॅचच्या फायली, प्रत्येकीच्या वर चार ओळी, हा का लागतो, कोणत्या कार्डावर लागतो, अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रोजेक्टला, गेलाय का, आणि कधी काढता येईल. फोर्कचं काय होतं की पहिले सहा महिने मजा, मग कोणीतरी "तात्पुरतं" म्हणून काहीतरी घुसवतं आणि तो माणूस नोकरी सोडून जातो, राहतं ते तात्पुरतं.

पॅचवरून एक किस्सा सांगतो, त्यातनं या ड्रायव्हरांचा स्वभाव कळेल. एका व्हेंडरचं कार्ड, नाव घेत नाही, त्याचं व्हर्च्युअल फंक्शन, म्हणजे कार्डाचा आभासी तुकडा, आम्ही वापरत होतो. पोर्ट थांबवून परत सुरू केला की व्हीलॅनचा टॅग (पॅकेट कोणत्या आभासी नेटवर्कचं ते सांगणारा) असलेलं ट्रॅफिक गायब. लिंक अप, विनाटॅगचं सगळं येतंय, एआरपी येतंय, काउंटर बघितले तर मिस झालेले शून्य, एरर शून्य, एमबफ, म्हणजे पॅकेट ठेवायचे बफर, संपले म्हणावं तर तेही शून्य. टेस्टपीएमडी या डीपीडीकेच्या चाचणी अॅपमध्ये एक्सस्टॅट्स, म्हणजे तपशीलवार काउंटर, काढले, ती लांबलचक यादी येते ना पानभर, त्यात खाली कुठेतरी एक फिल्टरमुळे टाकून दिलेल्यांचा काउंटर होता आणि तो भराभर वाढत होता. गोष्ट अशी की पोर्ट परत सुरू होताना मॅक अॅड्रेस, प्रॉमिस्क्युअस मोड वगैरे वरचा ईथडेव्हचा थर परत लावून देतो, पण व्हीलॅन फिल्टरची यादी परत कार्डात भरायची ती जबाबदारी ड्रायव्हरची. यादी वर जपून ठेवलेली असते बरं का, ४०९६ बिटांचा एक बिटमॅप असतो. या ड्रायव्हरने स्टार्टमध्ये ती वाचलीच नव्हती. फिक्स म्हणजे काय, एक लूप, बिटमॅप फिरायचा, बिट चालू असेल तर कार्डाला सांगायचं हा आयडी घे, झालं. दहा ओळीसुद्धा नाहीत. शोधायला लागला वेळ मात्र विचारू नका.

हा पॅच आम्ही आधी आमच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि अपस्ट्रीमलाही दिला. अपस्ट्रीमला द्यायची रीत जरा कडक आहे पण कामाची. कमिटच्या शीर्षकात ड्रायव्हरचं नाव पुढे, खाली मूळ कुठे बिघडलं त्या कमिटचा बारा अक्षरी आयडी फिक्सेसच्या ओळीत, स्टेबलला प्रत पाहिजे तर तशी ओळ, आणि साइन्ड-ऑफ-बाय. नवख्याला वाटतं काय हा सोपस्कार, पण ती फिक्सेसची ओळ आहे म्हणून एलटीएस सांभाळणाऱ्याला स्क्रिप्ट चालवून कळतं की हा बग त्याच्या शाखेत आहे का नाही, मूळ कमिटच २२.११ नंतरचं असेल तर २२.११ ला तो फिक्स लागतच नाही. ती ओळ नसेल तर तुमचा फिक्स मुख्य ट्रीत बसतो आणि एलटीएसला येईलच असं नाही, मग तुम्ही तो हाताने चेरी-पिक करत बसा.

आमचा पॅच आत गेला, पण मेंटेनरने लूप उचलून दुसऱ्या फंक्शनमध्ये नेला आणि व्हेरिएबलचं नाव बदललं. पुढच्या पॉइंट रिलीजवर, म्हणजे त्याच आवृत्तीच्या फक्त फिक्स असलेल्या रिलीजवर, आमचे पॅच चढवताना तिथे कॉन्फ्लिक्ट आला. हुबेहूब तोच पॅच असता तर गिटने रिबेस करताना गपचूप गाळला असता, इथे नाही. अशा वेळी गिटची रेंज-डिफ कमांड सोन्यासारखी आहे, जुना पॅचसंच आणि नवा शेजारी ठेवून काय बदललं ते दाखवते, डिफचा डिफ, पहिल्यांदा बघाल तर डोळे फिरतात पण सवय होते.

आता सगळ्यात मोठी सूचना, कुठेही ठळक लिहिलेली नसते म्हणून सांगतो. इंटेलच्या ड्रायव्हरांमध्ये, म्हणजे आयएक्सजीबीई, आय४०ई, आइस यांत, बेस नावाचं एक फोल्डर असतं. तो कोड कंपनीच्या आतल्या सामायिक कोडमधून येतो. हार्डवेअरशी बोलणं, ईईपीरॉम, फाय, अॅडमिन क्यू हे सगळं तिथे. त्या फोल्डरच्या रीडमीत सांगितलेलं असतं की ओएसडेप नावाच्या फायली सोडून इथे हात लावू नका. लोक लावतात. कारण बग तिथेच दिसतो आणि दोन ओळीत मिटतो. मग पुढच्या रिलीजला तो अख्खा बेस एका फटक्यात अपडेट होऊन येतो, कमिटची मालिका असते, आणि तुमच्या दोन ओळी कुठे बसवायच्या ते कळत नाही कारण ते फंक्शनच मोडून तीन झालेली असतात. बेसमध्ये बदल हवाच असेल तर त्याच्या वरच्या थरात गुंडाळून करता येतो का बघा, नाहीच जमलं तर तो पॅच सगळ्यात वेगळा, एकटा ठेवा.

मोठ्या उडीचा अनुभव हवा असेल तर २०.११ आणि २१.११ ही जोडी. २०.११ मध्ये मेकची बिल्ड सिस्टम पूर्ण काढली, आता फक्त मेसन आणि निंजा. मास्टर कोअर चा मेन कोअर झाला, कार्ड निवडायचा डब्ल्यूचा ऑप्शन जाऊन एचा आला, पोर्ट थांबवायचं फंक्शन आधी काहीच परत द्यायचं नाही ते आता एरर कोड द्यायला लागलं. या बदलांनी आपल्या जुन्या स्टार्टअप स्क्रिप्ट मोडल्या. २१.११ ने तर एमबफचे फ्लॅग आणि ईथरनेटची बहुतेक मॅक्रो यांच्यापुढे आरटीईचा प्रीफिक्स लावला, सगळीकडे, हजारो ओळी. जुनी नावं वॉर्निंग देत काही काळ चालली, त्यामुळे अॅप बिल्ड होतं, पण आपले पॅच मात्र एकूण एक अडकतात कारण आजूबाजूच्या ओळी बदललेल्या. त्यांनी नावं बदलायची स्क्रिप्ट दिली होती हे मानायला पाहिजे, ती आधी आपले पॅच चढवलेल्या जुन्या सोर्सवर चालवली की निम्मं काम होतं. पण त्याच रिलीजमध्ये फ्रेमची कमाल लांबी देणारं फील्ड उडवून त्याजागी एमटीयू (फ्रेमच्या आत मावणारा कमाल डेटा) आणला, आणि इथे स्क्रिप्ट काही कामाची नाही, कारण लांबीत हेडर धरलेलं असतं आणि एमटीयूत नसतं, व्हीलॅनचे ४ बाइट कोण धरतं कोण नाही हे ड्रायव्हरगणिक बघावं लागतं. जम्बो फ्रेमवाल्यांनी हा भाग स्वतः डोळ्याने वाचायचा, दुसरा उपाय नाही. २३.११ ला केएनआय गेला, ज्यांचा कर्नलकडे पॅकेट द्यायचा रस्ता त्यावर होता त्यांना टॅप किंवा व्हर्टआयओ युजरकडे जावं लागलं. हे आधीपासून सांगितलेलं होतं, रिलीज नोट्समधला डेप्रिकेशनचा भाग वाचणाऱ्याला धक्का बसत नाही. तो भाग कोण वाचतं हा वेगळा प्रश्न.

कार्ड प्रोसेसच्या ताब्यात द्यायचं काम कर्नलच्या बाजूने व्हीएफआयओ करतो, तोच वापरा. त्याच कामाचा जुना आयजीबी-यूआयओ अजून वापरणारे भेटतात, तो २०.११ पासून मुख्य ट्रीच्या बाहेर काढलाय, बाहेरचं मॉड्यूल आहे, म्हणजे दर कर्नल अपडेटला परत बिल्ड, सिक्युअर बूट चालू असेल तर सही करा नाहीतर लोडच होणार नाही. आणि सुरक्षेचं बघाल तर कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, कुठल्याही मेमरीत लिहू शकतं, आयओएमएमयूचं, म्हणजे कार्डाला ठरलेल्याच मेमरीत अडवणाऱ्या हार्डवेअरचं, संरक्षण नाही. व्हीएफआयओत एकच कटकट, एका आयओएमएमयू ग्रुपमधली सगळी डिव्हाइस कर्नलच्या ड्रायव्हरपासून सोडवावी लागतात, काही मदरबोर्डवर नको ते डिव्हाइस त्याच ग्रुपमध्ये येऊन बसतं.

फर्मवेअरचा विषय म्हणजे पत्रिका जुळवणं. आय४०ई आणि आइसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तक्ताच आहे, डीपीडीकेची ही आवृत्ती, कर्नल ड्रायव्हरची ही, फर्मवेअर हे. नाही जुळलं तरी बहुतेक वेळा चालतं, आणि तेच वाईट, कारण मग एखादं फ्लो रूल लागत नाही, एखादा काउंटर खोटं बोलतो आणि तुम्ही पॅच शोधत बसता जिथे पॅचचा संबंधच नाही. इंटेलच्या ई८१० कार्डाला तर डीडीपी नावाची वेगळी पॅकेज फाइल लागते, ड्रायव्हर सुरू होताना ती कार्डात चढवतो. फाइल सापडली नाही तर ड्रायव्हर सरळ नकार देतो, सेफ मोडची मुभा तुम्ही स्वतः दिली असेल तरच चालू होतो, पण सेफ मोडमध्ये आरएसएस (ट्रॅफिक अनेक क्यूंमध्ये वाटणं) वगैरे नाही, म्हणजे सगळं ट्रॅफिक एका क्यूवर. कंटेनरमध्ये अॅप चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, ती फाइल होस्टच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते, तुमच्या इमेजमध्ये नसते. नकार देतो हे मला बरं वाटतं खरं तर, गुपचूप हळू चालण्यापेक्षा तोंडावर नाही म्हणालेलं परवडलं.

एनव्हिडियाच्या कार्डांचा ड्रायव्हर एमएलएक्स५, त्याचं वेगळंच. तिथे कार्ड कर्नलकडून काढून घ्यावं लागत नाही, कर्नलचा ड्रायव्हर तसाच राहतो, इंटरफेस दिसत राहतो, ईथटूल चालतं, आणि डीपीडीके बाजूने आरडीएमए, म्हणजे मेमरी थेट हाताळायच्या, लायब्ररीतून स्वतःच्या क्यू घेतो. रात्री काही अडलं तर हे फार सोयीचं, लिंक, ऑप्टिक्स, काउंटर सगळं नेहमीच्या कमांडने बघता येतं. पण सांभाळायच्या वस्तू वाढतात, कर्नल मॉड्यूल, आरडीएमए-कोअर, फर्मवेअर, डीपीडीके, चारही एकमेकांना चालणारे पाहिजेत. मी डिस्ट्रोचं आरडीएमए-कोअर वापरतो, वेगळा बंडल लावत नाही, एक गोष्ट तरी आपोआप अपडेट होते.

आता जो भाग मला खरंच खुपतो तो. स्पीड कमी झाल्याचं ड्रायव्हर सांगत नाही. इंटेलच्या या ड्रायव्हरांत पॅकेट घ्यायचे दोन-तीन रस्ते असतात, साधा स्केलर, आणि एसएसई, एव्हीएक्स२, एव्हीएक्स५१२ या सूचनांनी अनेक पॅकेट एकत्र हाताळणारे व्हेक्टर. कोणता लागणार ते पोर्ट सुरू होताना ठरतं, तुम्ही कोणते ऑफलोड, म्हणजे कार्डाने करून द्यायची कामं, मागितले, रिंगचा आकार काय, फ्री थ्रेशोल्ड काय यावरून. एखादा ऑफलोड व्हेक्टर रस्त्यात बसत नसेल तर सगळं गपचूप स्केलरवर. आणि तो रस्ता अख्ख्या पोर्टचा एकच, म्हणजे आठ क्यूंपैकी एकीची रिंग अटीत बसली नाही की आठही खाली. डीबग लॉग लावला असेल तर एक ओळ येते, प्रॉडक्शनला कोण लावतं. पॅच लिहिताना म्हणूनच भीती असते, बरोबर चालतंय की नाही हे टेस्टमध्ये दिसतं, कोणत्या रस्त्याने चालतंय ते दिसत नाही. माझा उपाय साधा आहे, टेस्टपीएमडीत शो आरएक्सक्यू इन्फो मारायचं, तिथे बर्स्ट मोडची ओळ येते, व्हेक्टर एव्हीएक्स२ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ती ओळ आमच्या रिलीजच्या टेस्टमध्ये टाकलीये, बदलली की टेस्ट लाल. एव्हीएक्स५१२ हवं असेल तर आणखी एक, २०.११ पासून सिमडीची, म्हणजे या व्हेक्टर सूचनांची, रुंदी बाय डिफॉल्ट २५६ बिटलाच अडवलेली असते, ईएएलला (डीपीडीके सुरू करणारा थर) वेगळा ऑप्शन देऊन सोडवावी लागते. लोक नवीन प्रोसेसर घेतात आणि फरक का नाही म्हणून डोकं धरून बसतात.

आणि स्ट्रक्चरमध्ये फील्ड घुसवताना सांभाळून. एमबफ १२८ बाइटचा आहे, दोन कॅश लाइन (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी आणतो तेवढा तुकडा), पहिलीत पॅकेट घेताना लागणारं सगळं मुद्दाम रचून बसवलेलं. ड्रायव्हरच्या क्यूचं स्ट्रक्चरही तसंच. मधेच एक काउंटर टाकला आणि पुढची फील्ड दुसऱ्या कॅश लाइनवर ढकलली गेली की ६४ बाइटच्या टेस्टला लगेच दिसतं. स्वतःचं काही प्रति-पॅकेट ठेवायचं असेल तर डायनॅमिक फील्डची सोय आहे, ती वापरा, एमबफला पॅच मारणं आता खरंच गरजेचं नाही.

सिक्युरिटीच्या बाबतीत रेकॉर्ड बरा आहे. सापडलेल्या गोष्टी बऱ्याचशा व्हीहोस्टमध्ये, व्हर्च्युअल मशीनशी पॅकेटची देवघेव करणाऱ्या भागात, म्हणजे गेस्टकडून वाकडं डिस्क्रिप्टर आलं तर होस्टचं काय होतं ते, उदाहरणार्थ सीव्हीई-२०२२-२१३२, किंवा चेकसम ऑफलोडमधली सीव्हीई-२०२४-११६१४. फिक्स चालू असलेल्या एलटीएसना मिळतात. तुमचं एलटीएस संपलेलं असेल तर स्वतः बॅकपोर्ट करा, आणि व्हीहोस्टचा कोड वर्षभरात इतका हलतो की ते काम सोपं नाही. मुदत संपण्याच्या आधी सहा महिने हलायला सुरुवात करा असं मी म्हणेन.

पर्याय आहेत का तर आहेत. एएफ-एक्सडीपी, म्हणजे कर्नलमधलाच पॅकेटचा जलद रस्ता, लिनक्स ४.१८ पासून आहे, ड्रायव्हर कर्नलचाच राहतो, म्हणजे वर जे सगळं रडगाणं गायलं त्यातलं बरंचसं डिस्ट्रोवर जातं. स्पीड थोडा कमी पण खूप जणांना पुरतो. मजा म्हणजे डीपीडीकेतच १९.०५ पासून एएफ-एक्सडीपीचा पीएमडी आहे, अॅप तेच, खालचा ड्रायव्हर बदलायचा. तुमची गरज १० गिगाबिटच्या आसपास असेल आणि टीममध्ये ड्रायव्हरचा कोड वाचणारं कोणी नसेल तर आधी तो लावून बघा. नेटमॅप हा अजून एक पर्याय २०११ पासून आहे, फ्रीबीएसडीवाल्यांना जवळचा, लिनक्सवर मी घेणार नाही.

नवीन कार्ड घ्यायचं असेल तर डेटाशीट नंतर वाचा, आधी त्या ड्रायव्हरच्या फोल्डरचा गिट लॉग काढा. वर्षभरात किती जण कमिट करतायत, फिक्सेसच्या ओळी किती, स्टेबलला प्रती जातात का. मेंटेनर्सच्या फाइलमध्ये नाव एकच असेल आणि त्याचं शेवटचं कमिट जुनं असेल तर ते कार्ड कितीही पळू दे, त्याचा ड्रायव्हर उद्या तुमच्या गळ्यात. २०२३ मध्ये लिक्विडआयओचा ड्रायव्हर ट्रीतून काढून टाकला, हार्डवेअरची ती लाइनच मागे पडली होती. ज्यांनी त्यावर काही उभं केलं असेल त्यांना जुन्या एलटीएसवर थांबण्यापलीकडे काय उरतं.

मार्क द्यायचे तर पाचपैकी कोडला साडेचार, वाचायला सरळ आहे, सीमध्ये एवढं शिस्तीचं फार कमी बघायला मिळतं. एलटीएस आणि बॅकपोर्टला साडेचार, फुकटात हे मिळतंय यावर विश्वास बसत नाही कधी कधी. डॉक्युमेंटेशनला तीन, प्रोग्रॅमर्स गाइड छान पण ड्रायव्हरगणिक पानांचा दर्जा वेगळा, काहींचं पान म्हणजे फीचरची यादी आणि नमस्कार. अडचण आल्यावर स्वतःहून काय चुकलं ते सांगण्याला दोन. अपग्रेडच्या त्रासाला अडीच, २२.११ पासून पुढे तो बराच कमी झालाय हे खरं.

आणि नोव्हेंबरचं एलटीएस आलं की त्याच आठवड्यात उडी मारू नका. आम्ही पॉइंट एक येऊ देतो, तोपर्यंत बाकीच्यांनी आपापल्या कार्डांवर आपटून घेतलेलं असतं आणि ड्रायव्हरचे फिक्स त्यात येतात. तेवढ्या वेळात आपले पॅच नव्या ट्रीवर चढवून ठेवायचे, जे अपस्ट्रीमला गेलेत ते फोल्डरमधून काढायचे, आणि उरलेल्यांपैकी दर एकाला विचारायचं, तू अजून का आहेस. मागच्या वेळी आमच्याकडे तीन उरले, त्यातला एक फक्त लॉगची भाषा बदलणारा होता, तो काढून टाकला, कोणाच्या लक्षातही आलं नाही.